लाल पट्ट्यातली ओळ

छापखान्यात तिला सगळे गाळणी म्हणतात. तोंडावर. छपाईला जाणारी प्रत्येक फाइल आधी तिच्या कॉम्प्युटरवर येते. फोटो फुटेल का, टाइप बदलेल का, कडेला कापायला जागा सोडलीय का, सगळं ती बघते.

"लग्नाला हो म्हणायला हिने तीन महिने घेतले," तिची सासू मला एकदा म्हणाली. "माझ्या मुलाच्या चारी कडा मोजत होती!"

मी साहित्याची पदवी घेऊन इथे मजकूर तपासायला आले. वयाने ती माझ्या दुप्पट, पण डबा आम्ही एकत्र खातो.

त्या दिवशी तान्ह्या बाळांच्या तापाच्या औषधाचा तक्ता छापायचा होता. मी तो तीनदा वाचला होता. शेवटी फक्त एक केलं. 'दिवसभरात याहून जास्त देऊ नका' ही लाल पट्ट्यातली काळी ओळ, आकड्यांसकट, पांढरी केली. उठून दिसावी म्हणून.

"बाई, मशीन खोळंबलंय," मालक दारातूनच म्हणाले. "स्क्रीनवर सगळं दिसतंय की!"

"स्क्रीनवर प्रत्येक नवरदेव देखणाच दिसतो, मालक."

छापल्यावर कसं दिसेल ते दाखवणारी खिडकी तिने उघडली. पट्टा होता. ओळ नव्हती.

मी खुर्ची ओढून तिच्या स्क्रीनजवळ सरकले.

काळी अक्षरं खालच्या रंगावर चढवून छापतात. पांढरी शाई मात्र आमच्याकडे नसतेच. पांढरं म्हणजे तेवढा कागद कोरा सोडायचा. मी रंग बदलला, पण फाइलमधली चढवून छापायची खूण तशीच राहिली, म्हणून अक्षरांची जागा कोरी न सुटता तिथेही लालच भरला. रिकामा लाल पट्टा सगळ्यांना नक्षी वाटला असता. आणि रडणाऱ्या बाळाला कुणीतरी आणखी एक चमचा पाजला असता.

"कुणाचा पराक्रम हा?" मालकांनी विचारलं.

"माझा," मी म्हणाले.

"ओरडू नका तिला," ती खूण काढत म्हणाली. "फिल्मवरून छपाई व्हायची त्या काळात मी शरीराच्या तक्त्यातल्या चित्राची फिल्म उलटी लावली होती. वर्षभर पोरं हृदय उजवीकडे शिकली. तेव्हा गाळणी नव्हते मी."

मालक हसू दाबत निघून गेले.

पहिला ताव ओला असतानाच तिने माझ्यापुढे धरला.

"वाच. मोठ्याने."

मी लाल पट्ट्यातली ओळ वाचली. एकेक आकडा. तिने खाली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"आता तू."