आन्सेल्मच्या पायाचं माप

मी लाकडी जोडे करतो. आमच्या व्हेर्नेजाक गावातल्या एकूण एक पायाचं माप माझ्या दुकानात टांगलेलं आहे. आणि आन्सेल्म पेरिशूला त्या एकूण एक पायाच्या मालकाचं नाव पाठ होतं. नुसतं नाव नाही; आजीचं माहेर, गाईचं दुखणं, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं.

गवंड्याचा पोर. शिकून मास्तर झाला, मग नगराध्यक्ष, मग ती खुर्ची राखून पॅरिसच्या संसदेत खासदारही. चौदा सालच्या महायुद्धात त्याचे दोन भाऊ गेले, म्हणून प्रत्येक भाषण ‘पुन्हा युद्ध नको’ इथूनच सुरू व्हायचं. मतं मागायला आला की आमच्याबरोबर जेवायला बसायचा, सूप संपत आलं की आमच्यासारखीच त्यात लाल वाईन ओतून वाडगा तोंडाला लावायचा आणि मिशा पुसत घरातल्या एकेकाची चौकशी करायचा. माणूस विरघळायचाच. मीही विरघळलो होतो, खोटं कशाला बोलू? माझा धाकटा भाऊ इलेर टपालखात्यात चिकटला तो त्याच्याच शब्दावर.

चाळीस साली जर्मन आले. संसदेनं सगळी सत्ता जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या म्हाताऱ्या मार्शलच्या हाती दिली, त्या मतदानात आन्सेल्मचाही हात वर होता. गावात येऊन म्हणाला, मी तुमच्यासाठी शांतता आणलीय. त्याला शांतता हवी होती हे खरंच. पण खुर्ची त्याहून जास्त हवी होती. आसपासच्या गावांचे नगराध्यक्ष हटवले गेले, हा राहिला.

त्रेचाळीसमध्ये फर्मान निघालं की तरण्या पोरांनी जर्मनीतल्या कारखान्यांत राबायला जायचं. आमची पोरं लपली. जिल्ह्याच्या साहेबानं यादी मागवली. नावं दप्तरात होतीच, ती कोणीही दिली असती. आन्सेल्मनं प्रत्येक नावापुढे जागा लिहिली. कोणाची मावशी कुठे राहते, कोणाच्या सासऱ्याची चेस्टनट वाळवायची झोपडी कुठल्या रानात आहे. इलेरच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘मामाचा मेंढ्यांचा गोठा, वरचा माळा’. जर्मन गेले त्याच दिवशी ती यादी कचेरीत सापडली, अक्षर त्याचंच. शिपाई आले ते कोणालाही न विचारता थेट माळ्यावर चढले. दुसऱ्या वर्षी त्या कारखान्यावर बॉम्ब पडले. इलेरची टोपीसुद्धा परत आली नाही.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी पाय काढला, तसा आन्सेल्मनंही काढला. मिशा उडवल्या आणि घाईत मिळाली ती दुसऱ्याच्या नावाची कागदपत्रं खिशात घातली. ती निघाली एमिल ताशारची. हा ताशार म्हणजे जर्मनांच्या बाजूनं लढणारा मिलिशियावाला; नदीपलीकडचं एक शेतघर त्यानं माणसांसकट जाळलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तीन दिवसांनी, जर्मनांशी लपूनछपून लढणाऱ्या प्रतिकार दलाच्या कॅप्टननं त्याला हात बांधून आमच्या चौकात आणलं. दुपारची वेळ होती. कॅप्टन परगावचा, आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा. तो म्हणाला, "हा म्हणतो, मी ताशार नाही, इथला नगराध्यक्ष आहे. दोघांनी ओळख दिली तर कोर्टात पाठवतो. नाही दिली तर ताशार म्हणून गोळी."

कोर्टात पाच-सात वर्षांवर सुटला असता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आन्सेल्म एकेकाला नावानं हाका मारायला लागला. बायकांना त्यांच्या पोरांची नावं सांगितली, पोरांच्या गोवराचीही आठवण करून दिली. कॅप्टन म्हणाला की त्यानं काही सिद्ध होत नाही, मिलिशियावाल्यांच्या खिशात याद्या असतातच.

पहिली पुढे झाली बोर्दा म्हातारी. तिचे दोन नातू त्या यादीत होते. तिनं त्याचं तोंड नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मिशा असत्या तर सांगितलं असतं बाबा." दोघंचौघं हसले. पण बेकरीवाल्या प्युशनं ओळख दिली. त्याचा पुतण्या यादीतून वगळला होता ना.

आता एकच हवा होता. कॅप्टननं माझ्याकडे बोट केलं.

मी हो म्हणणार होतो. दया म्हणून नाही. ती यादी भर कोर्टात वाचली जावी आणि तेव्हा त्याचं तोंड मला बघायला मिळावं, एवढंच हवं होतं. मी पुढे गेलो. त्याचा चेहरा उजळला, आणि वीस वर्षांची सवय, ती कशी सुटणार?

"आलास लेओनार, बरं झालं. इलेर काय म्हणतो? पत्रबित्र येतं का त्याचं?"

मी कॅप्टनकडे वळलो.

"मी याला ओळखत नाही," मी म्हणालो.

"नीट बघ," कॅप्टन म्हणाला.

"जोडे करतो मी, साहेब. गावातला पाय न् पाय ओळखतो. हा पाय इथला नाही."

धोबीघाटामागे त्याला गोळी घातली. मातीवरच्या क्रुसावर ताशारचं नाव रंगवलं. मला झोप लागली, चांगली लागली.

त्याची बहीण बेर्त तेव्हा परगावी होती. तिला कोणी सांगितलं नाही, अजूनही सांगत नाही. भाऊ स्पेनमध्ये लपलाय, थंडीच्या आत येईल, असं ती धरून चालते, आणि दर शरदात माझ्याकडून त्याच्यासाठी नवे जोडे करून नेते. पाच जोड झाले. या वर्षी म्हणाली, "लेओनार, यंदा थोडे सैल कर. वयानं पाय सुजत असतील त्याचे."

करून दिले.