काकांना मासे चालत नाहीत

पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या त्या विभागात एक रीत होती. जो निवृत्त होईल त्याने निरोपाचं जेवण कुठे घ्यायचं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी निमूट तिथे जायचं. जागा तशा दोनच होत्या. एक शहरातलं सिनेमागृहामागचं मोठं हॉटेल. तिथे इस्त्रीचे रुमाल त्रिकोणी घडी करून ठेवतात आणि पेल्यात पाणी ओतायलाही वेगळा माणूस असतो. दुसरी जागा खाडीपलीकडच्या मच्छीमारांच्या गावातली, किनाऱ्यावर पत्र्याच्या छपराखाली लांब बाकं टाकलेली खानावळ. सकाळी जाळ्यात जे येईल तेच तिथे दुपारी ताटात पडतं. मनातून सगळ्यांना गावच हवं असायचं. पण दर वेळी जेवण व्हायचं शहरात, कारण काकांना मासे चालत नाहीत.

काका म्हणजे विभागातले सगळ्यात जुने कारागीर. खिडकीजवळचं टेबल त्यांचं. बिघडलेला मीटर समोर आला की ते तो उघडत, आतली बारीक दातेरी चाकं ब्रशने घासून काढत, साचलेला गाळ पुसत, नवी काच बसवत आणि चाचणीच्या नळावर चढवून पाणी सोडत. बोलणं कमी, हात स्वच्छ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसासाठी विभागाने माशांवर पाणी सोडलं, यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपण किती मनाचे मोठे, याचा प्रत्येकाला थोडा अभिमानच होता.

फक्त त्यात एक अडचण होती. काकांना मासे चालत नाहीत, हे धादांत खोटं होतं. ते गाव काकांचंच होतं आणि ती खानावळ त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची.

आता एवढं मोठं सोंग माणूस उगाच कशाला घेईल? काकांनीही ते घेतलं नव्हतं, ते त्यांच्या अंगावर आलं होतं. नोकरी नवी होती तेव्हा ते दर सोमवारी गावाहून पहिल्या बसने येत. त्या बसमध्ये मासळीच्या टोपल्या असायच्या. एका सोमवारी विभागात कोणीतरी नाक मुरडलं आणि विचारलं, मासळीबाजार कोण घेऊन आलंय इथे? सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की हो ना, मला तर या वासानेच मळमळतं.

एवढंच. पण तेव्हाचे प्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये सांगून टाकलं की या मुलाच्या टेबलावर मासे आणू नका. वाईट माणसाच्या तावडीतून सुटता येतं हो, चांगल्या माणसांच्या मायेतून सुटणं महाकठीण. पुढे प्रमुख बदलले, माणसं बदलली, पण नवीन येणाऱ्याला चाव्या कुठे असतात ते सांगताना काकांना मासे चालत नाहीत हेही सांगितलं जाऊ लागलं.

घरी मात्र रविवारी मासे व्हायचेच. काका शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात जात आणि भाजीखाली दडवून पुडी आणत. एकदा तिथे विभागातला, त्यांच्या शेजारी लेथवर काम करणारा सहकारी समोर उभा ठाकला. काकांनी सांगितलं, मांजरासाठी नेतोय. झालं, दुसऱ्या दिवसापासून विभागात मांजराची चौकशी सुरू. कोणी त्याच्यासाठी वाडगा आणला, कोणी गळ्यातली घंटी. शेवटी काकांना ते नसलेलं मांजर मारावं लागलं आणि त्या दिवशी विभागातल्या एकीने डोळेही पुसले. बायको हसून हसून लोळली. मग हसू आवरल्यावर म्हणाली, तुम्ही एकदा सांगून का टाकत नाही? काका म्हणाले, सांगणार आहे.

सांगणार आहे, असं म्हणण्यात माणसाचं आयुष्य कसं जातं ते काकांकडे पाहून कळत होतं.

बहिणीकडची बाजू त्याहून अवघड होती. बाप गेल्यावर खानावळीची चूल ताईने सांभाळली आणि भावाला शिकवलं. स्वतः लग्नही केलं नाही. तिला एकच हौस होती, भावाच्या ऑफिसातल्या माणसांना आपल्या हातचं जेवू घालायची. ती विचारायची तेव्हा काका सांगायचे की ती मोठी माणसं, त्यांना टेबलक्लॉथ लागतो. म्हणजे ऑफिसात गाव लपवायचं आणि गावात ऑफिसला शिष्ट ठरवायचं. दोन्हीकडे खोटं बोलून काका मधल्यामध्ये बसून राहिले होते. शेवटच्या खेपेला गेले तेव्हा ताई गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"या हंगामानंतर बंद करतेय मी," ती म्हणाली. "उभंच राहवत नाही आता. तुझी माणसं एकदा येऊन गेली असती तर बरं वाटलं असतं."

परतीच्या बसमध्ये काकांना स्वतःची मनापासून चीड आली.

मग त्यांची निवृत्ती आली. विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, बोला. शहर की गाव?" आणि स्वतःच हसून म्हणाल्या, "म्हणजे शहरच, पण रीत म्हणून विचारते."

काका उभे राहिले. ते म्हणाले, "गाव."

काका पुढे सांगणार होते. माझंच गाव आहे ते, माझ्याच बहिणीची खानावळ आहे, मी इतकी वर्षं खोटं बोललो. सगळं ओठांवर आलं होतं. पण लेथवाल्याने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या विभागाने. काका आमच्यासाठी! स्वतः एक घास खाणार नाहीत आणि आमची इच्छा पुरी करतात! बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. असा त्याग आजकाल कोण करतं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. काका उभेच होते आणि उघडलेलं तोंड तसंच मिटत होतं. आता खरं सांगणं म्हणजे या सगळ्यांच्या ओल्या डोळ्यांवर पाणी मारण्यासारखं होतं. ते खाली बसले.

त्यांनी ताईला कळवलं की येतोय, सगळे येतोय. ताईला इतका आनंद झाला की तिला फोनवर नीट बोलताच येईना. तिथे जाऊन मी सगळं सांगेन, असं काकांनी ठरवलं. ताई समोर असली की खोटं आपोआप गळून पडेल, अशी त्यांची समजूत होती. पण लेथवाला व्यवस्थित माणूस. त्यानेही खानावळीला फोन केला, माणसं किती ते सांगितलं आणि वर बजावलं की आमचे जे काका निवृत्त होतायत ना, त्यांना मासे अजिबात चालत नाहीत. वासही सोसत नाही. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करा आणि त्यांना वाऱ्याच्या बाजूला बसवा. हे त्याने काकांना गाडीत, खाडीचा पूल ओलांडताना, मोठ्या कौतुकाने सांगितलं.

काकांनी विचारलं, काय म्हणाली?

"आधी काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, बरं, करते."

गाडी किनाऱ्यावर थांबली. जाळं विणत बसलेला म्हातारा काकांचा लहानपणचा सवंगडी होता. त्याने काकांकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा जाळ्यात बोटं घातली. बर्फ फोडणारी बाई ओळखीची होती, तिनेही तोंड वळवलं. ओळख दाखवू नका असं ताईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हे काकांना तेव्हा कळलं.

ताई दारात उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिने एकेकाला या, बसा म्हटलं. काकांपाशी आली तेव्हा हात जोडले.

"साहेब, तुम्ही या बाजूला बसा. इकडे वारा आहे."

"ताई," काका म्हणाले. त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही, सगळे तिला ताईच म्हणत होते.

"बसा साहेब," ती म्हणाली आणि वळली.

मग ताटं आली. तळलेले तुकडे, दाट रस्सा, वाफाळता भात. बाकावर बोलणं बंद झालं आणि नुसते खाण्याचे आवाज येऊ लागले. काकांच्या पुढे पांढरा भात आणि उकडलेले बटाटे होते. बटाटे तिने जपून सोलले होते, वर लोणी घातलं होतं. तो रस्सा कशाचा आहे हे काका वासावरून सांगू शकत होते. ते बटाट्याचा एकेक घास गिळत होते. आत्ता सांगू, असं त्यांना प्रत्येक घासाला वाटत होतं. पण आता सांगितलं तर तिने सगळ्या गावाकडून करून घेतलेलं सोंग उघडं पडणार, चार लोकांत खोटी ती ठरणार. इतकी वर्षं त्यांना स्वतःची लाज राखायची होती. आज तिनेच ती राखली होती आणि आता त्यांना हलायला जागा उरली नव्हती.

जेवणं उरकली. बाईंनी ताईचा हात हातात घेतला आणि असं जेवण आयुष्यात जेवलो नाही म्हणून सांगितलं. मग आपुलकीने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

काका शेजारीच हात धूत होते.

"मी एकटीच," ताई म्हणाली. "एक भाऊ आहे. शहरात नोकरीला."

"येतो की नाही भेटायला?"

"येतो ना. पण कामाचा माणूस, वेळ कमी." ती रिकामी ताटं एकात एक ठेवत होती. "त्याला माशाचं डोकं फार आवडतं. लहान असताना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आजही ठेवलंय झाकून. वाटलं, आलाच तर."

सगळे कौतुकाने हसले. "नशीबवान आहे हो तुमचा भाऊ," बाई म्हणाल्या आणि काकांकडे वळून त्यांनी विचारलं, "नाही का काका?"

"हो," काका म्हणाले.