कॅसेटी इकडे, डेक तिकडे

आमच्या शेजारी जिनेंद्र हुक्केरी राहतो. वय सत्तेचाळीस, मार्केट यार्डात गुळाची अडत, आणि डोक्यात एकच विषय. तो विषय काय हे कळलं की घरी आलेली पावणी मंडळी चपला शोधायला लागतात.

विषय असा. चाळीसएक वर्षांपूर्वी अमेरिकेत काही केसाळ पोरांनी गिटारी अंगात आल्यासारख्या बडवायला सुरुवात केली. नुसतं जोरात वाजतं त्याला हेवी मेटल म्हणतात, आणि पाठीमागं कुत्रं लागल्यासारखं वाजतं त्याला थ्रॅश. असं थ्रॅश वाजवणाऱ्या टोळ्या पुष्कळ झाल्या. तर त्यातल्या कुठल्या टोळीनं पुढच्या साऱ्या हेवी मेटलवर जास्त छाप पाडली, हा जिनेंद्रच्या आयुष्यातला प्रश्न आहे. गुळाचा भाव नाही, पोरगी आदितीचं लग्न नाही, दुखणारा गुडघा नाही. हा.

उत्तरही त्याच्याकडं तयार असतं. स्लेयर.

आता हा माणूस पाणी गाळून पितो. दिवस मावळायच्या आत जेवतो. उंबऱ्यावर मुंग्यांची रांग दिसली तर एक पाय हवेत धरून बगळ्यासारखा उभा राहतो. आणि जीव लावला तो अशा टोळीला, जिच्या नावाचा अर्थ मारेकरी. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, नावाकडं बघायचं नसतं कृष्णातदादा, वेगाकडं बघायचं. वेग. स्वतः स्कूटर चालवतो ती इतकी सावकाश की मागून टांगेवाल्यानंही हॉर्न द्यावा.

रविवारी अंगात काळा टी-शर्ट. एके काळी काळा होता, आता वांग्याच्या रंगाचा झालाय. त्यावर त्या टोळीचं नाव. पोटावर ते इतकं ताणलं जातं की मधली दोन अक्षरं एका गावात आणि कडेची दुसऱ्या गावात. हा शर्ट घालून तो गच्चीवर कपडे वाळत घालतो आणि मान हलवतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मानेची शीर आखडली. त्याच्या बायकोला, अंजनावहिनींना, तेल नेऊन दिलं होतं मी.

या वेडात त्याला साऱ्या कोल्हापुरात एकच जोडीदार मिळाला, मंगळवार पेठेतला उदयसिंह सरनोबत. कॉलेजात एका बाकावर बसायचे. उदयसिंह पेठेच्या संघाचा गोलकीपर होता, आता वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतो आणि शाळांची फाटकं बनवतो. तीस वर्षं ग्राइंडरजवळ कान धरून बसलेला माणूस संगीतातलं कळतं म्हणतो, यावरूनच संगीत कुठल्या लायकीचं असेल ते ओळखा. त्याची टोळी मेटालिका.

दोघांनी मिळून पुण्या-मुंबईहून, कुणाकुणाच्या पाया पडून बासष्ट कॅसेटी जमवल्या. त्या जिनेंद्रच्या घरी, गुळाच्या जुन्या डब्यात. आणि त्या वाजवायचा जपानी डेक उदयसिंहाच्या घरी, त्याच्या चुलत्यानं दुबईहून आणलेला. दर रविवारी सकाळी जिनेंद्र डबा घेऊन पेठेत जायचा. दोन बाप्ये दार लावून दोन तास मान हलवायचे. बाहेर आले की वाद, आणि तो घालत घालत दोघं जिनेंद्रच्या घरी. पंचवीस वर्षं हे चाललं.

त्यांचे मुद्दे मला पाठ आहेत. मी शिकलो नाही, भिंत पातळ आहे. उदयसिंह म्हणायचा, मेटालिकानं हे संगीत जगाच्या गल्लीबोळात नेलं. जी पोरं कधी ऐकली नसती ती ऐकायला लागली, गिटार घेऊन बसली, त्याला छाप म्हणतात. जिनेंद्र म्हणायचा, गर्दीला छाप म्हणत नाहीत. पुढं जे आणखी काळं, आणखी वेगवान संगीत निघालं त्याची मुळं स्लेयरमध्ये, आणि तुझ्या मेटालिकानं तर पुढं केस कापले. केस कापणं हा जणू खुनापेक्षा मोठा गुन्हा. मग तो एक्सोडस नावाची टोळी काढायचा. मेटालिकाचा गिटारवाला मुळात एक्सोडसचा, म्हणजे सुगरण माहेरी शिकली आणि नाव सासरचं झालं. मेगाडेथ ही तिसरी टोळी तर मेटालिकातून हाकललेल्या गड्यानं काढलेली. एवढं मात्र मला समजलं, कारण ही सरळ भावकी आहे. असल्या भानगडी गारगोटीच्या कोर्टात शेकड्यानं पडल्यात. चौथी टोळी अँथ्रॅक्स. लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या पावण्यासारखी तिची अवस्था, नाव दोघंही घेतात, बाजू कुणीच घेत नाही. जर्मनीच्या क्रिएटरचा आणि ब्राझीलच्या सेपल्टुराचा विषय निघाला की मी खिडकी लावून घ्यायचो.

बरं, हे सारं ठरवायची जिनेंद्रची पद्धत गुळाची. सौद्यात गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, टोचा मारावा, कण जिभेवर ठेवावा, डोळे मिटावेत आणि प्रत सांगावी, तसं तो करायचा. दोन सूर कानावर पडले की डोळे मिटून निकाल. आयुष्यात माझा कान फसला नाही, असं छातीवर हात ठेवून सांगायचा.

चार वर्षांपूर्वी गंगावेशीत दूधकट्ट्यावर माशी शिंकली. समोर म्हैस पिळली जातेय, दोघांच्या हातात फेसाळ दुधाचे पेले, आजूबाजूला दहा-बारा माणसं. उदयसिंह म्हणाला की स्लेयरनं तीस वर्षं एकच गाणं वाजवलं. जिनेंद्र म्हणाला की तू गर्दी बघून देव ठरवणारा, तुला कान न्हाईत, नुसत्या पाळ्या हाईत. एवढंच. दोन मोठी माणसं, मिशीला दूध लागलेलं, पेले आपटून दोन दिशांना गेली. म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं.

तेव्हापासून कॅसेटी इकडे आणि डेक तिकडे. एकाकडं तोंड, दुसऱ्याकडं घास. मोबाइलवर सगळं मिळतं की, असं मी म्हणालो तर जिनेंद्रनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. मोबाइलवरचं म्हणजे पिशवीतलं दूध, म्हणाला. पण दर रविवारी सकाळी तो डबा उघडायचा, कॅसेटी फडक्यानं पुसायचा आणि परत लावून ठेवायचा. गुळाचा एवढा व्यापारी, पण रविवारी त्याचं तोंड कारल्याचं. साऱ्या गावात त्याचं बोलणं समजणारा एकच माणूस, आणि त्याच्याशीच बोलणं बंद. मला तो चार वेळा स्लेयर समजवायला आला. चारही वेळा मी झोपलो.

गेल्या भाद्रपदात त्यानं पर्वाचे दहा दिवस एकभुक्त राहून काढले. ते संपल्यावर जैन मंडळींची क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं त्याच्यासमोर हात जोडून उत्तम क्षमा म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं, आणि पाटी कोरी. जिनेंद्र सकाळपासून मोबाइलवर साऱ्यांना क्षमेचे निरोप धाडत होता. जयसिंगपूरचे पावणे, हमाल, बँकेचा शिपाई, मी. मला तर दोनदा आला. अंजनावहिनी कॉफीचे कप घेऊन आल्या आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "ज्याच्याशी भांडलासा तेवढा सोडून साऱ्या गावाची क्षमा मागतासा. मग दहा दिवस उपाशी कशाला ऱ्हायलासा?"

जिनेंद्रनं कप ठेवला. मग मला म्हणाला, चला दादा, एकट्यानं पाय उचलायचा न्हाई.

वर्कशॉपात उदयसिंह फाटकाला रंग देत होता. जिनेंद्र समोर गेला, हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, "उदयसिंहा, उत्तम क्षमा. चार वर्षांमागं कट्ट्यावर जे बोललो त्याची."

आता खरं तर उदयसिंहानंही हात जोडायचे होते. पण पेठेतला गडी. तिथं एकानं दुसऱ्यासमोर हात जोडले याचा अर्थ एकच होतो, हार मानली, आणि तो मैदानावर शिट्टी वाजल्यावरच होतो. त्यानं ब्रश डब्यात ठेवला, पंचासारखी मान डोलावली आणि म्हणाला, "शेवटी मान्य केलंस. बास झालं मला."

जिनेंद्रला वाटलं, क्षमा मिळाली. तो हसत घरी आला. फोटो मी काढला होता. हात जोडलेला अडत्या रोज कुठं मिळतो.

तिसऱ्या दिवशी पेठेच्या चौकात वीस फुटी फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लागला. मध्ये हात जोडून उभा जिनेंद्र, वर उदयसिंह गॉगल लावून, आणि मजकूर असा: प्रतिस्पर्ध्याने जाहीर क्षमा मागितल्याबद्दल आमच्या लाडक्या मेटालिकाचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, उदयसिंह सरनोबत मित्रपरिवार. मजकूर कुणी लिहून दिला याची पुढं चौकशी झाली. उदयसिंहाला चार ओळी सलग लिहिता येत नाहीत, एवढंच मी सांगेन.

पेठेत चर्चा सुरू झाली. मेटालिका हा परदेशी खेळाडू असून यंदा पेठेच्या संघाकडून खेळणार, असं दोन दिवस सारे धरून चालले होते. एकानं तो डावखुरा असल्याचंही सांगितलं. यार्डातले हमाल जिनेंद्रला विचारायला लागले की शेठ, कुठला सामना हरलासा.

जिनेंद्र बोर्ड बघून घरी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. चिडायची सोय नव्हती, क्षमेला आठवडा झाला नव्हता. रविवारी सकाळी त्यानं वांग्याच्या रंगाचा तो शर्ट घातला, गुळाचा डबा काखेत मारला आणि निघाला. मी न बोलावता मागे गेलो. असं काही चुकवायचं नसतं.

उदयसिंहाच्या दारात तो म्हणाला, "मी क्षमा माझ्या तोंडाची मागितली. स्लेयरची न्हाई. डेक लाव. आज कान ठरवतील."

उदयसिंह काहीतरी लागट बोलणार, असं वाटलं. पण त्याची नजर डब्यावर गेली, आणि तो मुकाट्यानं बाजूला झाला. आत डेकवर त्याच्या बायकोची जुनी पैठणी घातली होती. देव्हाऱ्यावर नसेल एवढी नीट.

कॅसेटींवरची नावं पुसून पुसूनच गेली होती. चार वर्षं फडकं मारल्यावर दुसरं काय होणार. जिनेंद्रनं डब्यात हात घालून लागेल ती काढली आणि लावली. खरखर झाली आणि मग जे काही सुटलं ते मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखं. गाणारा तोंड उघडायच्या आत जिनेंद्रनं डोळे मिटले, जिभेवर गूळ ठेवल्यासारखे ओठ मिटले आणि निकाल दिला. "स्लेयर. बघ की, हा वेग दुसऱ्या कुणाच्या बापाला हाय काय?"

उदयसिंह कान देऊन बसला होता. मग त्याचीही मान खाली गेली. हळूच म्हणाला, "व्हय. वेग हाय. न्हाई म्हणत न्हाई."

पुढं गाणारा ओरडायला लागला तेव्हा आवाज दळपाच्या चक्कीतून निघाल्यासारखा बारीक. जिनेंद्रच्या कपाळाला आठी पडली. त्यानं कॅसेट बाहेर काढली, उलटी करून उजेडात धरली. प्लास्टिकवर ठसा असतो, तो पुसला जात नाही. त्यानं वाचला आणि तसाच उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरून वाचला. मेटालिका.

पंचवीस वर्षांचा वाद, चार वर्षांचा अबोला, वीस फुटी बोर्ड. आणि दोघांपैकी एकालाही आपली टोळी ओळखता आली नाही. एकानं दुसऱ्याच्या टोळीला आपली म्हटलं, दुसऱ्यानं आपल्याच टोळीपुढं हार मानली. यांच्यापेक्षा ती गंगावेशीतली म्हैस बरी. तिला निदान आपलं रेडकू कळतं.

जिनेंद्रचा तो कधीही न फसलेला कान खोलीच्या मधोमध पडला होता आणि उचलायला कुणी नव्हतं. उदयसिंहानं कॅसेट त्याच्या हातातून घेतली, ठसा वाचला. आता हा दुसरा बोर्ड लावणार, चाळीस फुटी, मी मनातल्या मनात मजकूर जुळवायला घेतला.

उदयसिंह डेकजवळ बसला आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. "आतला पट्टा विरघळून डांबर झालता," तो म्हणाला. "हिच्या शिलाई मशीनचा कापून बसवलाय मी. बसत न्हवता, जोरात फिरतंय ते. अशानं कुणाचाबी कान फसंल, जिन्या. माझा न्हाई फसला व्हय?"

जिनेंद्र खाली बसला आणि झाकणाचे स्क्रू एकेक करून हातात घेत राहिला.

"पट्टा लागंल की नवीन," तो म्हणाला.

"लागंल."

"मग तोवर निकाल न्हाई."

"निकाल कसला," उदयसिंह म्हणाला, "मेटालिकाच हाय." आणि दोघं लगेच सुरू झाले.

बोर्ड त्याच दिवशी खाली आला. आता तो वर्कशॉपवर सावलीला बांधलाय, छापलेली बाजू आतून. खाली उभं राहून मान वर केली की हात जोडलेला जिनेंद्र दिसतो. पट्टा शोधायला दोघं महिनाभर उद्यमनगर पालथं घालत होते. तो मिळाला, आणि रविवारी दार लावून मान हलवणं परत सुरू झालं. माझी रविवारची झोप परत गेली. परवा भिंतीतून ऐकलं, आता वाद अँथ्रॅक्सपर्यंत आलाय.

त्या सकाळचं कुणाला सांगायचं नाही, अशी दोघांनी मला अंबाबाईची शपथ घातली. मी ती पाळली आहे. तोंडानं मी कुणालाही सांगितलेलं नाही.