लंगडता सांधा

नवा सांधा बसवायला आलेल्या इंजिनिअर पाटकर मॅडम पहिल्या दिवशी आमच्या खोलीत आल्या त्या बसल्याच नाहीत. थळच्या बाजूला खताच्या मालगाड्या वळतात, तिथले सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे हलते रूळ, मी सांभाळायचो. मॅडमनी पर्समधून बोटीचं जुनं तिकीट काढलं, घड्या घालून माझ्या लोखंडी कपाटाच्या फटीत धरलं, दार लोटलं आणि चावी फिरवली. कुलूप लागलं.

"हरेश, तुझं कपाट खोटं बोलतंय. फट आहे आणि म्हणतंय बंद आहे."

जीपचं दार, डब्याचं झाकण, आमच्या घरची कडी, सगळीकडे हेच. माझी आई म्हणायची, "ही बाई बसंल कवा?"

त्यांनी बसवलेला सांधा दोन मोटरींचा होता. एक बंद पडली की दुसरी काम उचलायची. पहिली दुरुस्त होईपर्यंत घंटी वाजत राहायची. घंटीचा हट्ट माहेरच्या सुपारीच्या वाडीतला. "विहिरीवर दोन पंप होते. एक जळला ते कळलंच नाही, दुसरा पाणी देत होता ना. ऐन मे महिन्यात तोही जळला, रोपं करपली. दुसरा आहे म्हणून पहिल्याला विसरतो रे माणूस."

कारखान्याच्या साहेबांनी बजावलं होतं, एकदा जरी गाडी अडकली तरी जुनं यंत्र परत बसवू. मॅडमची उमेदीची सगळी वर्षं त्या सांध्यात गेली होती.

आता सांगतो. गणपतीच्या तोंडावर एक मोटर गेली. घंटी वाजायला लागली ती थांबेना. केबिनमधला म्हात्रे म्हणाला, "गाडी वळते हाय ना? मग कशाला बोंबलते ती? बंद कर रं." मी घंटी बंद करायचं बटण दाबलं. नवी मोटर सणानंतर मागवू म्हटलं. मॅडम रोज सकाळी फोनवर विचारायच्या, "घंटी वाजते का?"

"नाही, मॅडम."

विसर्जनानंतर दुसरीही गेली. सिग्नल लाल राहिला म्हणून कोणाला काही झालं नाही, पण गाडी दिवसभर उभी. साहेब म्हणाले, "दोन मोटरी, दुप्पट कटकट." मॅडमनी मला एवढंच विचारलं, "दोन्ही एकदम गेल्या?" मी हो म्हणून मान हलवली. सांधा उखडला गेला.

त्यांना मांडव्याला बोटीवर पोचवायला गेलो तेव्हा तोंड उघडलं. "घंटी मी बंद केली होती."

जेटीवर येरझारा घालणाऱ्या मॅडम थांबल्या. "बटणाने?"

"हो."

"बटण मीच ठेवलं होतं."

"शिव्या घाला, मॅडम."

"घालीन. त्याने काय होईल? तू नाही तर दुसरा दाबेल. माणूसही बिघडणार, हे मी धरलंच नव्हतं."

शिवी चालली असती. मी बिघडणाऱ्या भागांत जमा झालो होतो.

पुढे नागोठण्याच्या बाजूला एका कारखान्याने त्यांना पुन्हा एक सांधा दिला. फोन आला, "ये. बटण काढलंय. आता बंद करून दाखव." गेलो. घंटीत फडकं कोंबलं, आवाज बसला. हात इतका सराईत चालला की मलाच लाज वाटली. मॅडमचे डोळे मात्र लकाकले.

"अजून काय करशील?"

"तार काढीन."

"अजून?"

दिवसभर त्या विचारत होत्या, मी एकेक कबूल करत होतो. संध्याकाळी त्यांनी घंटीच उतरवली. "पाय दुखला की माणूस घंटी वाजवतो का? लंगडतो."

तेव्हापासून त्या सांध्याची एक मोटर गेली की दुसरी त्याला मुद्दाम सावकाश वळवते. धोका नाही, पण प्रत्येक गाडीचा खोळंबा. सगळेच ओरडतात.

मॅडम वारल्या त्याला वर्ष होईल. मी आता त्याच सांध्यावर कामाला आहे. परवा केबिनमधून हाक आली, "हरेशभाऊ, सांधा लंगडतोय." जेवायला बसलो होतो. दुसरी आहे ना, आजचा दिवस निघेल, असं मनात आलं. अजूनही येतं. पण बाहेर ड्रायव्हर भोंग्यावरचा हात काढत नव्हता. ताट झाकलं, नटबोल्टचे पाने उचलले आणि निघालो.