कडेलोटरावांचा कडा

बेटावर येणाऱ्या माणसाला पाहायला काय कमी आहे? धक्क्यावर उतरलं की उजव्या हाताला समुद्राच्या कडेने एक पायवाट निघते. रमतगमत गेलं तर आधी पांढऱ्या वाळूची पुळण लागते, मग गुहा, मग जुनं दीपगृह. वाट सपाट, वारा गार आणि मुख्य म्हणजे सगळं फुकट. हे फुकट प्रकरणच आमच्या कडेलोटरावांच्या डोळ्यांत सलायचं, कारण त्यांची बोट होती.

माणसं चालत गेली तर बोटीत कोण बसणार? रावांच्या मेहुण्याचाही धंदा पर्यटकांवरच. तो वल्हवायच्या होड्या भाड्याने द्यायचा, पाण्यात तोंड बुडवून मासे बघायला चष्मे द्यायचा आणि दिवसभर उन्हात करपायचा. रावांना कष्टाचं जन्मापासून वावडं. त्यांनी देवाने दिलेली जीभ तेवढी कामाला लावली. पायवाटेच्या डोक्यावर एक उंच कडा आहे. कोणी नवखा त्या वाटेला लागला की राव हळूच आडवे यायचे, आवाज खाली आणायचे.

“जायचं तर जा बाबा, आपण कोण अडवणार? पण वरचा कडा सुटलाय. आज पडेल नाहीतर उद्या. लेकरंबाळं आहेत ना बरोबर?”

झालं! लेकरं काखोटीला मारून गिऱ्हाईक थेट बोटीत. या एका वाक्यावर रावांनी बोटीला नवं इंजिन बसवलं आणि ‘कडेलोटराव’ हे नाव कमावलं. नावाचा त्यांना रागही नव्हता. उलट मान दिल्यासारखे फुगायचे.

बोटीत बसल्यावर तर काय, जिभेला रानच मोकळं. हा खडक म्हणजे हत्ती, तो खडक म्हणजे रुसलेली म्हातारी. कोणाला हत्ती दिसला नाही तर चूक बघणाऱ्याची. सूर्यास्त दाखवायला बोट जिथे उभी करायचे, तिथून सूर्य बर्फाच्या कारखान्यामागे मावळायचा. “आज जरा ढग आहेत,” राव सांगायचे. आभाळ धुतल्यासारखं निरभ्र असलं तरी सांगायचे आणि माणसं माना डोलवायची.

आणि एवढं जगाला घाबरवणारे राव स्वतः राहायचे कुठे? त्याच कड्यावर! वडिलांनी दगड डोक्यावरून वाहून बांधलेलं तीन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसता समुद्रच समुद्र. बाकी कशाबद्दल ते कितीही थापा मारोत, त्या घरावर त्यांचा जीव होता हे मात्र खरं. खिडकीशी बसून चहा पिताना माणूस अगदी गप्प व्हायचा, आणि रावांचं गप्प होणं म्हणजे काय ते बेटाला विचारा. कडा लोखंडाचा आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सुटलाय ही गोष्ट त्यांनीच तर रचली होती! संध्याकाळी घरी आले की आज कोण कसा टरकला याची नक्कल करून दाखवायचे. आई खाटेवर हसून हसून खोकायची. बायको चुलीकडे तोंड करून काम करत राहायची.

एकदा सकाळच्या फेरीला एक बाई एकटीच बोटीत बसली. पायात जाड बूट, पाठीवर पिशवी. एकटं गिऱ्हाईक म्हणजे रावांना पर्वणीच, सगळ्या थापा एकाच कानात ओतायला मिळायच्या. कड्याखाली बोट आणून त्यांनी असा काही सूर लावला की विचारू नका.

“ती बघा काळी रेघ. मागच्या वर्षी बोटभर होती, आता हात जातो. रात्री आवाज येतो, कट्ट करून!”

“वर घर दिसतंय एक,” बाई म्हणाली. “कोणाचं?”

“असेल कोणातरी मूर्खाचं,” राव म्हणाले. “जाणार एक दिवस बायकापोरांसकट.”

बाईने मान हलवली, धक्क्यावर उतरली, नीट पैसे दिले आणि चढणीला लागली. राव दुपारी जेवायला घरी गेले तर ती त्यांच्याच ओट्यावर बसून पाणी पीत होती. सरकारी इंजिनीअर निघाली. धोक्याची घरं रिकामी करायचं काम तिच्याकडे होतं.

“ते मूर्ख तुम्हीच का?” तिने विचारलं.

रावांच्या तोंडचं पाणीच पळालं. घर रिकामं करायचं म्हणजे जायचं कुठे? तर बेटाच्या मागच्या बाजूला, मासळी वाळवायच्या पटांगणाशेजारच्या चाळीत. तिथे समुद्र दिसत नाही, नुसता वास येतो.

“बाई, ते सगळं खोटं हो!” आयुष्यात पहिल्यांदा राव खरं बोलायला लागले आणि त्यांना ते जमेना. “धंद्यासाठी बोलतो आम्ही. ती रेघ म्हणजे शेवाळ आहे. आवाजबिवाज काही नाही. पाहिजे तर बेटावर कोणालाही विचारा!”

“विचारलं,” बाई म्हणाली. “सगळे म्हणतात कडा सुटलाय. कोणी सांगितलं म्हटलं, तर तुमचं नाव घेतात.”

“अरे, मग आता नाही म्हणतोस कशाला?” आतून आई ओरडली. “रोज तर सांगतोस!”

“आई, तू गप्प बस!” राव म्हणाले. बाईला हाताला धरून नेल्यासारखं करत ते स्वयंपाकघरात शिरले आणि जमिनीवर दाणदाण पाय आपटू लागले. “बघा! हलतंय काही? माझ्या बापाने बांधलंय हे!”

बायको चुलीपाशी उभी होती. तिने पदराला हात पुसले, वाकली आणि खिडकीखालची चटई बाजूला सारली. भिंतीपासून थेट चुलीपर्यंत फरशीला फट गेली होती. करंगळी सहज मावेल एवढी.

“खालून वारा येतो,” ती इंजिनीअर बाईला म्हणाली. “सासूबाईंचा पाय अडकू नये म्हणून चटई टाकली.”

राव गुडघ्यावर बसले. फटीवर तळहात धरला. खरंच गार वारा लागला, खाऱ्या वासाचा.

“अगं, मला बोलायचं नाही का?” त्यांचा आवाज चिरकला.

“बोलले की! दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, माझीच थाप मलाच ऐकवतेस होय? आणि हसलात.” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. “येईल त्या परक्या माणसाला, जपून जा बाबा, म्हणालात. आम्हाला कधी म्हणालात?”

 राव उठले, दोन्ही हातांनी आईला उचललं आणि तिची कुरकुर चालू असतानाच पायरी उतरून बाहेर नेलं.