व्हय म्हाराजा

शेवंतीकाकीच्या तोंडी लागू नये, हे आमच्या गावात पोरांनाही शिकवावं लागत नाही. ओहोटी लागली की ती बायकांबरोबर खाडीच्या चिखलात उतरते, तिसरे वेचते आणि बाजारात नेऊन विकते. नवरा गेल्यावर तिने घर उभं ठेवलं ते या शिंपल्यांवर. त्याच चिखलात भराव घालून रिसॉर्टची जेटी करायचं घाटत होतं. हा घाट घालणाऱ्यांपैकी एकाच्याही पायाला कधी चिखल लागला नव्हता.

रिसॉर्टवाल्यांचं काम परशुराम बघायचा. आमच्याच वाडीतला, म्हणून राग जास्त. ग्रामसभेआधी देवाला नारळ ठेवायची टूम त्याचीच. गाऱ्हाणं घालायला त्याने बाबली नावाच्या गड्याला उभं केलं. बाबलीच्या मुलाला जेटीवर नोकरी कबूल झाली होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

बाबलीने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"होडयेंका वाऱ्यावादळात राख रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी ह्या खाडयेत जेटी होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आमच्या जिभेला वळणच तसं. गाऱ्हाणं कानावर पडलं की डोक्याला न विचारता तोंड उघडतं. काकीही म्हणून गेली.

परशुराम लगेच ग्रामसेवकाकडे वळला. "साहेब, लिहून घ्या. सर्वांनी एकमुखाने होकार दिला आहे." आणि ग्रामसेवक लिहायलाही लागला.

काकी उठली. "माझ्याच तोंडान माझी खाडी इकलंस रे, परश्या?" ती तडक नारळापुढे जाऊन उभी राहिली.

"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता," बाबली पुटपुटला.

"देव मिशयो बघना नाय." तिने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या गावाची इडापिडा टाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"म्हाताऱ्याकोताऱ्यांका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी आमच्या तिसऱ्यांच्या चिखलात जो कोण मातयेची पाटी टाकीत, त्येचा वाटोळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात खणखणीत आवाज बाबलीचा. परशुरामाचे हात तर अजून जोडलेलेच होते. मला इतका आनंद झाला की पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं.

काकीने पदर सारखा केला आणि ऑफिसातल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, हेही लिहून घ्या. सर्वांनी एकमुखाने होकार दिला आहे."

ग्रामसेवक स्वतःही 'व्हय' म्हणून बसला होता. त्याने मघाची ओळ खोडली. "हात वर करून मतं घेऊ. जेटीच्या बाजूने कोण?"

परशुरामाचा हात अर्धा वर गेला. काकी त्याच्याकडे बघत होती. त्याने डोकं खाजवलं आणि हात खाली घेतला.