उलटे कोरलेले सात बाण

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. पाटीवहिनींनी अडतिसाव्या पाटीच्या पाठीवर लाल रंगाचा शेवटचा हात फिरवला आणि ब्रश थिनरमध्ये बुडवला. वय त्रेपन्न. बावीस वर्षं दारांवरच्या नावाच्या पाट्या केल्या, त्यावरून हे नाव पडलं. सासरचं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलं आहे.

या पाट्या मात्र कुणाच्या दाराच्या नव्हत्या. रुग्णालयाच्या नव्या इमारतीत आग लागली तर छतातल्या फवाऱ्यांना, म्हणजे स्प्रिंकलरना, पाणी कुठून येतं, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्याचा, दाब किती हवा, हे सांगणाऱ्या. आधी तिथे प्लास्टिकच्या पाकिटातले कागद होते. पंपघरातल्या ओलीने त्यांचा लगदा झाला आणि अग्निशमन खात्याच्या तपासनीसाने इमारत नापास केली. आज अकरा वाजता फेरतपासणी होती. पुन्हा नापास म्हणजे पुढची तारीख सहा आठवड्यांनी, तोवर रुग्ण जुन्याच इमारतीत, आणि पाट्यांचं काम एका मोठ्या छापखान्याकडे.

नळजोडणीचं काम वहिनींच्या दिराचं. पाट्यांसाठी शब्द त्यानेच टाकला होता, तोही सहजासहजी नाही. वहिनींनी नमुन्याची पाटी चौदा महिने पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली होती. ती एका सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली आणि तारेची घासणी हातात दिली. त्याने घाम येईपर्यंत घासलं. अक्षर हललं नाही. वहिनी त्या दिवशी दुपारपर्यंत गुणगुणत होत्या.

युक्ती साधी आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या मागच्या बाजूने अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरायची आणि त्यात रंग भरायचा. समोरून ती सुलटी दिसतात. रंग जाडीच्या आड सुरक्षित राहतो, पुढून कितीही पुसा. कोरण्याआधी प्रत्येक मजकूर नवरा मोठ्याने वाचतो, वहिनी डोळे मिटून ऐकतात. एवढ्या वर्षांत चुकीची पाटी बाहेर गेली नव्हती.

आठ वाजता दोघं, वहिनी आणि दीर, इमारतीत पोचली. सव्वानऊपर्यंत अडतीसही पाट्या स्टीलच्या स्क्रूंनी भिंतींवर होत्या. मग वहिनींनी नेहमीचं केलं. पाटीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, वळल्या, वाचलं आणि अनोळखी माणसासारख्या पाटी सांगेल तिकडे चालू लागल्या. चौथ्या मजल्यावरची पाटी म्हणत होती: स्प्रिंकलर व्हॉल्व्ह या बाजूला. बाणामागे चालत त्या चादरींच्या कोठारात शिरल्या.

"वहिनी, चादरी ओढून आग विझवायची की काय?" दीर मागून म्हणाला. व्हॉल्व्ह मागच्या टोकाला होता.

वहिनींना कळायला दोन सेकंद लागले. मजकूर त्यांनी कोरणाऱ्या यंत्रात उलटवून घेतला होता. बाणाचं चित्र मात्र वेगळं साठवलेलं, ते नंतर घातलेलं आणि उलटवायचं राहिलेलं. अक्षर उलटं झालं तर कुणीही ओळखेल. बाण उलटा झाला तर तोही बाणच दिसतो. शिवाय बाण मोठ्याने वाचता येत नाही.

असे बाण सात होते.

दिराचा चेहरा उतरला. खिशातून लाल चिकटपट्टी काढून तो म्हणाला की जुना बाण झाकू, वर नवा चिकटवू, कोण बघतंय. वहिनींनी पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. मग त्या मार्गिकेच्या मधोमध उभ्या राहिल्या, एकदा या भिंतीकडे तोंड करून, एकदा त्या भिंतीकडे, आणि हसल्या.

"भावोजी, ड्रिल काढा. पाटी समोरच्या भिंतीवर लावा. तिथे हाच बाण व्हॉल्व्हकडे जातो."

दिराने पाटी उचलून समोर धरून बघितली. मग ड्रिलची वायर सोडायला घेतली.

पाच पाट्यांचा प्रश्न असा सुटला. उरलेल्या दोन पाट्यांच्या समोर भिंतच नव्हती, एकीपुढे काचेची खिडकी, दुसरीपुढे जिना. त्या नव्याने करणं भाग होतं. नऊ पन्नासला वहिनींची स्कूटर निघाली. बारा मिनिटांचा रस्ता, एका पाटीला यंत्राची नऊ मिनिटं. नवरा केस वाळवायचं यंत्र घेऊन रंगावर गरम हवा सोडत बसला. या वेळी त्याने बाणही वाचला: "आरशात डावीकडे, म्हणजे भिंतीवर उजवीकडे." दहा बावन्नला वहिनी परतल्या, हेल्मेट तसंच डोक्यावर. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा तपासनीस तळमजल्यावर येणाऱ्यांच्या नोंदवहीत सही करत होते.

ते मितभाषी गृहस्थ. थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने त्यांनी पंपघरातली पाटी घासली, चिंधी उजेडात धरली. ती कोरी होती. चौथ्या मजल्यावर त्यांना भिंतीत, स्क्रूंच्या जुन्या भोकांवर, ओल्या पुट्टीच्या चार टिकल्या दिसल्या. त्यांनी विचारलं. दीर छताकडे बघू लागला.

"बाण उलटा कोरला होता," वहिनी म्हणाल्या. "सात होते. पाच समोर हलवले, दोन आत्ता नवे करून आणले."

"मग सातही बाणांमागे मी चालणार," तपासनीस म्हणाले.

ते खरंच चालले, प्रत्येक मजल्यावर, पाटीपासून व्हॉल्व्हपर्यंत. वहिनी चार पावलं मागे, हात पदरात घट्ट गुंडाळलेले. दिराने नंतर सांगितलं की त्या प्रत्येक वळणावर श्वास धरत होत्या. सातवा बाण पंपघराच्या दाराशी पोचला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तपासनीसांनी अहवाल भिंतीला टेकवूनच लिहिला. पाट्यांच्या रकान्यात एक शब्द: मान्य. मग कुणी कोरल्या असं विचारून पत्ता टिपून घेतला.

वहिनी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या. खाली पोचल्यावर दिराला म्हणाल्या, "बघितलंत? चिंधी कोरी." घरी जाईपर्यंत हे त्यांनी चार वेळा सांगितलं, त्याने चारही वेळा हो म्हटलं.

दुपारी यंत्रात त्यांनी बाणाचं चित्र मजकुराला कायमचं जोडून टाकलं.

रुग्णालयाच्या सूचनाफलकावर संध्याकाळी वेळापत्रक लागलं. उद्या सकाळी आठ वाजता जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे एकोणीस रुग्ण नव्या इमारतीत हलवले जातील.